खिडकीतून उतरलेला म्हातारा आणि त्यामागचे स्वीडन

योनास योनासन यांची, खिडकीतून उतरून नाहीशा झालेल्या शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याची कादंबरी २००९ साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक आलान कार्लसन २ मे २००५ रोजी वयाची शंभर वर्षे पूर्ण करतो. स्टॉकहोमच्या पश्चिमेला सोदरमानलांड प्रांतात माल्मशोपिंग नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या वृद्धाश्रमात त्याच्या वाढदिवसाची तयारी झालेली असते आणि पाहुणे व वार्ताहर येण्याच्या बेतात असतात. आलानला त्या समारंभात रस नसतो. तो तळमजल्यावरच्या आपल्या खोलीची खिडकी उघडतो, बाहेरच्या फुलांच्या वाफ्यात उतरतो आणि पायांतल्या सपातांनिशी बसस्थानकाकडे चालू लागतो.

या प्रसंगाने लाखो वाचकांना हसवले. तो हलकाफुलका वाटतो यामागे स्वीडनमधील म्हातारपणाचा मोठा इतिहास आहे. घर सोडून वाटेला लागलेला म्हातारा हे त्या देशात फार काळ दुर्दैवाचे चित्र होते. म्हाताऱ्या माणसाला वाटेवर न येऊ देण्यासाठी तिथल्या समाजाने जवळजवळ शंभर वर्षे कायदे केले, कर भरले आणि इमारती बांधल्या. ते काम पुरे झाल्यावरच म्हाताऱ्याचे निघून जाणे गमतीचा विषय होऊ शकले.

स्कँडिनेव्हियाच्या जुन्या कथांमध्ये म्हाताऱ्यांच्या निरोपाची एक भयंकर गोष्ट सांगितली जाते. कामाला निरुपयोगी झालेली म्हातारी माणसे उंच कड्यावरून उडी घेऊन जीवन संपवत, अशी ती समजूत आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या 'गौत्रेक सागा'मध्ये तिचा उगम सापडतो. मात्र ती कथा मुळात एका कंजूष कुटुंबाची थट्टा करणारी आहे. क्षुल्लक नुकसान झाले तरी या घरातली माणसे कड्याकडे धाव घेतात. सतराव्या शतकापासून विद्वानांनी आणि गावकऱ्यांनी स्वीडनमधल्या निरनिराळ्या कड्यांना ही कथा चिकटवली. अशी प्रथा खरोखर होती, याला कोणताही ऐतिहासिक आधार नाही. तरीही वृद्धांच्या सोयींवरचा खर्च कमी करण्याची भाषा निघाली, की स्वीडिश राजकारणात या कड्याचे नाव आजही घेतले जाते.

खऱ्या शेतकरी कुटुंबांत म्हातारपणाची सोय कागदावर होत असे. शेत मुलाच्या किंवा खरेदीदाराच्या हाती देताना म्हातारे जोडपे एक करार करून घेई. राहायला एक खोली किंवा आवारातले छोटे घर, दर वर्षी ठराविक मापे धान्य, दूध, बटाटे, तोडलेले सरपण, चर्चला जाण्यासाठी घोडागाडी आणि शेवटी रीतसर दफन अशी कलमे त्यात असत. शेत पुन्हा विकले गेले तरी हा बोजा नव्या मालकाकडे जाई. हे करार वाचताना दूध किती आणि कोणत्या महिन्यात यासारख्या बारकाव्यांवर केलेला विचार डोळ्यांत भरतो. आपल्याच मुलाशी इतक्या तपशिलाने लिखापढी करावी लागणे यातच त्या काळातल्या म्हातारपणाची भीती दिसते. या सोयीसाठी मुळात शेत असावे लागे, आणि एकोणिसाव्या शतकात भूमिहीनांची संख्या झपाट्याने वाढत होती.

ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांचा भार पॅरिशवर म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर पडे. १७६३ च्या नियमाने प्रत्येक पॅरिशला आपल्या गरिबांची जबाबदारी घ्यावी लागली. ती पार पाडण्याची सर्वांत स्वस्त पद्धत फिरतीची होती. वस्तीतल्या शेतकऱ्यांचे गट पाडले जात आणि निराधार म्हाताऱ्याला गटातल्या एकेका घरी ठरलेले दिवस ठेवले जाई. मुदत संपली की बोचके उचलून पुढच्या घरी जायचे. घराच्या ऐपतीनुसार दिवस कमीजास्त असत, आणि आजारी माणसालाही गाडीत घालून पुढे पोचवले जाई. दुसरी पद्धत लिलावाची होती. गावच्या सभेत म्हातारे आणि अनाथ मुले यांची नावे पुकारली जात आणि त्यांना सांभाळण्यासाठी जो सर्वांत कमी रक्कम मागेल, त्याच्याकडे त्यांना सोपवले जाई. कमी बोली लावणारा माणूस जेवणातही काटकसर करणार, हे सर्वांना ठाऊक असे. १८४७ च्या नियमांनी गरिबांना थोडे हक्क दिले. १८७१ च्या नियमांनी त्यांतले बरेचसे काढून घेतले आणि मदत नाकारली गेल्यास दाद मागण्याची वाटही बंद केली.

तिसरी सोय म्हणजे गरीबखाना. चर्चजवळच्या एखाद्या पडक्या घरात म्हातारे, वेडे, अपंग आणि अविवाहित आया एकत्र राहत. त्यांच्यातलीच एखादी धडधाकट बाई कारभारीण होई. आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी हा गरीबखाना बालवाङ्मयात आणला. त्यांच्या एमिल नावाच्या मुलाच्या गोष्टी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्मोलांड प्रांतात घडतात. १९६६ सालच्या दुसऱ्या पुस्तकात एमिलला कळते, की गरीबखान्यातल्या म्हाताऱ्यांसाठी पाठवलेला नाताळचा फराळ तिथली कारभारीण एकटीच फस्त करते. घरची मोठी माणसे बाहेर गेल्याचे पाहून तो सगळ्या म्हाताऱ्यांना शेतघरी बोलावतो आणि पाहुण्यांसाठी केलेले सारे पदार्थ त्यांच्यापुढे ठेवतो. कारभारीण चौकशीला येते तेव्हा लांडग्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडते. घरच्या गड्याचे आजोबाही त्या गरीबखान्यात असतात, त्यामुळे मुलांसाठी लिहिलेल्या या मेजवानीत रागही आहे आणि प्रेमही. लिंडग्रेन स्वतः स्मोलांडमधल्या शेतघरात वाढल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या एका दिवसाच्या सुटकेची ही गोष्ट स्वीडनमधल्या पिढ्यान्‌पिढ्यांना तोंडपाठ आहे. म्हाताऱ्यांच्या साहसाच्या पुढच्या कादंबऱ्यांचे बीज तिच्यात शोधणे चुकीचे ठरणार नाही.

दरम्यान देश झपाट्याने म्हातारा होत होता. १८५० ते १९३० या काळात सुमारे १२-१३ लाख माणसे स्वीडन सोडून गेली. त्यांतली बहुतेक तरुण होती आणि मुख्यतः अमेरिकेला गेली. आईबाप मागे राहिले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांमध्ये स्वीडनची गणना होत होती. गरीबमदतीचा खर्च ग्रामसभांना पेलेना. या दडपणातून १९१३ साली संसदेने सर्व नागरिकांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला. कामगारांपुरता मर्यादित नसलेला, साऱ्या जनतेला लागू होणारा असा हा जगातला पहिला कायदा मानला जातो. निवृत्तीचे वय ६७ होते. रक्कम मात्र इतकी तुटपुंजी होती की तिच्यावर कोणी जगू शकत नव्हते, आणि स्त्रियांना पुरुषांहून कमी मिळत असे. तरीही दयेऐवजी हक्क हा विचार त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात आला.

१९१८ च्या गरीबमदत कायद्याने फिरती आणि लिलाव या दोन्ही प्रथा बंद केल्या. प्रत्येक नगरपालिकेने किंवा ग्रामपालिकेने वृद्धाश्रम चालवलाच पाहिजे, असे बंधन घातले. पुढच्या दोन दशकांत देशभर दगडाविटांच्या, मोठ्या खिडक्यांच्या आणि पुढे बाग असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. आदल्या पिढीचे हाल पाहिलेल्यांना हे खोल्यांचे आणि गरम जेवणाचे जग स्वर्गासारखे वाटले असणार. पण आत राहणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागे. कायमच्या मदतीवर असलेली व्यक्ती मदत मंडळाच्या पालकत्वाखाली जाई. आयुष्यभर राबलेला साठ-सत्तर वर्षांचा माणूस कायद्याच्या नजरेत पुन्हा अज्ञान ठरे. अशा माणसांना मतदानाचा अधिकारही नव्हता. तो त्यांना १९४५ साली मिळाला. स्वीडनमध्ये स्त्रियांनी १९२१ साली प्रथम मतदान केले, हे ध्यानात घेतले तर या विलंबाची बोच कळते. आश्रमांत मनोरुग्ण आणि जर्जर आजारी माणसेही म्हाताऱ्यांबरोबरच ठेवली जात, त्यामुळे गरीबखान्याचा कलंक नव्या भिंतींनाही चिकटून राहिला.

१९२८ साली समाजवादी नेते पेर आल्बिन हान्सन यांनी संसदेत देश म्हणजे सर्वांचे घर ही कल्पना मांडली. या घरात कोणी लाडका नाही आणि कोणी सावत्र नाही, असा तिचा आशय होता. पुढची चार दशके स्वीडिश राजकारण या घराच्या बांधणीत गुंतले. १९४८ पासून सर्वांना सारखे निवृत्तिवेतन मिळू लागले. एकट्या माणसाला वर्षाला १००० क्रोनर आणि जोडप्याला १६०० क्रोनर ही रक्कम साधीच होती, पण जेवणखाण तिच्यात भागत असे. समाजकल्याण मंत्री गुस्ताव मोलर यांनी वृद्धाश्रमाचा अर्थच बदलायचे ठरवले. १९४७ साली संसदेने मान्य केलेल्या धोरणानुसार आश्रम गरिबांपुरता राहणार नव्हता. कोणीही म्हातारा माणूस आपल्या निवृत्तिवेतनातून भाडे भरून तिथे राहील आणि हातखर्चाला थोडे पैसे स्वतःजवळ ठेवील. खाणावळीत राहणारा पाहुणा जसा पैसे देऊन मानाने राहतो, तशी ही कल्पना होती. मोलर यांची ही दृष्टी मोठी होती, कारण तिने उपकाराचे नातेच काढून टाकले.

ही योजना ताजी असतानाच एका लेखकाने तिच्यावर आवाज उठवला. ईवार लू-योहानसन यांचा जन्म १९०१ साली सोदरमानलांडमध्येच झाला. त्यांचे आईवडील जमीनदाराच्या शेतावर धान्यरूपी मजुरीवर राबणारे मजूर होते. ती मजुरीपद्धत १९४५ साली संपली, आणि ती संपवण्यात त्यांच्या कथा-कादंबऱ्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर ते म्हाताऱ्यांकडे वळले. छायाचित्रकार स्वेन यार्लोस यांना बरोबर घेऊन त्यांनी देशभरातले आश्रम पाहिले. १९४९ साली त्यांचे वार्धक्यावरचे सचित्र पुस्तक आले, आणि त्यांनी रेडिओवरूनही तो विषय घराघरांत नेला. स्वच्छ चादरी आणि वेळेवरचे जेवण त्यांना पुरेसे वाटले नाही. ओळीने खुर्च्यांवर बसलेली, काम आणि ओळखीची माणसे गमावलेली, दिवस ढकलणारी माणसे त्यांना दिसली. माणसाला आश्रमात आणण्याऐवजी मदत त्याच्या घरी न्यावी, ही त्यांची मागणी होती. अधिकारी आणि आश्रमचालक संतापले. एवढ्या कष्टाने उभारलेल्या संस्थेची अशी निंदा त्यांना कृतघ्नपणाची वाटली. पण वाचकांनी लू-योहानसन यांची बाजू घेतली. म्हातारपणाच्या बाबतीत विसाव्या शतकातले सर्वांत परिणामकारक स्वीडिश लेखन म्हणून या पुस्तकाकडे बोट दाखवता येते.

उत्तर लवकरच सापडले, आणि तेही सरकारबाहेर. १९५० साली उप्साला शहरात रेड क्रॉसने घरकाम जाणणाऱ्या प्रौढ गृहिणींना थोड्या मोबदल्यावर म्हाताऱ्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. त्या दिवसातले काही तास येत, स्वयंपाक, झाडलोट, धुणे आणि बाजारहाट करत. आश्रमातल्या खाटेपेक्षा हे स्वस्त पडे आणि म्हातारे माणूस आपल्या स्वयंपाकघरातच राही. काही वर्षांतच ही पद्धत देशभर पसरली. पन्नाशीच्या दशकात सरकारने तिला धोरण म्हणून मान्यता दिली आणि १९६४ पासून तिच्यासाठी सरकारी अनुदान सुरू झाले. त्यानंतर आश्रमांची वाढ मंदावली. १९९२ च्या सुधारणेने वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेची सारी जबाबदारी नगरपालिकांकडे दिली. शक्य तितका काळ माणसाने स्वतःच्या घरी राहावे हे धोरण पक्के झाले, आणि आश्रमातली जागा गरजेची तपासणी करूनच मिळू लागली. त्यामुळे तिथे पोचणारा माणूस बहुधा फार जर्जर असे.

या पार्श्वभूमीवर २००५ सालचा आलान कार्लसन आश्रमात थोडा परकाच आहे. तो चालतो, फिरतो, वोडका पितो आणि वोडकावरून आश्रमाच्या प्रमुख बाईंशी भांडतो. तो तिथे आला तो एका स्फोटामुळे. एका कोल्ह्याने त्याची लाडकी मांजर मारली, तेव्हा आयुष्यभर सुरुंगाचे काम केलेल्या आलानने कोल्ह्यासाठी सापळा लावला, आणि कोल्ह्याबरोबर त्याचे स्वतःचे घरही उडाले. बेघर झालेल्या म्हाताऱ्याला समाजसेवा खात्याने आश्रमात जागा दिली. आश्रमात कोणी क्रूर नाही. आहेत ते नियम, वेळापत्रके आणि म्हाताऱ्याच्या वतीने ठरवलेल्या गोष्टी. मोलर आणि लू-योहानसन यांच्या वादातला मधला प्रश्न योनासन यांनी अशा तऱ्हेने कथेत उतरवला आहे. सुरक्षितता मिळालेल्या माणसाची मर्जी कुठे राहते, हा तो प्रश्न.

बसस्थानकावर एक तरुण आपली सुटकेस क्षणभर सांभाळायला देऊन शौचालयात जातो. तेवढ्यात बस येते आणि आलान सुटकेससह चढतो. खिशातल्या पैशांत जितके लांब जाता येईल तितके जाऊन तो ब्यूरिंगे नावाच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर उतरतो. सुटकेसमध्ये ५ कोटी क्रोनर असतात आणि ती एका गुन्हेगारी टोळीची असते. पुढे त्याला जुन्या स्थानकात राहणारा किरकोळ चोर, सॉसेज विकणारा एक अर्धवट विद्वान, शेतावर हत्तीण पाळणारी बाई आणि पाठलागावर असलेला एकाकी पोलीस अधिकारी भेटतात. टोळीतली माणसे मरतात, तरी कादंबरीचा सूर खेळकरच राहतो.

या पाठलागाच्या मधेमधे आलानचे मागचे आयुष्य येते. सुरुंगाच्या कौशल्यामुळे तो स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोला भेटतो, लॉस अलामोसमध्ये अणुबॉम्बच्या कामात हात लावतो, ट्रुमन यांच्याबरोबर जेवतो, स्टॅलिनला रागावतो आणि सैबेरियाच्या पलीकडच्या छळछावणीत पाच वर्षे काढतो. राजकारणात आणि धर्मात त्याला जराही रस नसतो, आणि म्हणूनच सगळे राजकारणी त्याला आपल्या टेबलाशी बसू देतात. या दोन कथांच्या विणीत एक गोष्ट सहज निसटते. स्वीडनमध्ये निवृत्तिवेतन, घरपोच मदत आणि आश्रम उभे राहिले, त्या दशकांचा बहुतांश काळ आलान परदेशात घालवतो. तो म्हातारा होऊन परततो तेव्हा सर्वांचे घर बांधून तयार असते. ते बांधायला तो नव्हता, त्याच्या नियमांची त्याला सवय नाही. खिडकी ओलांडताना त्याला अपराधी वाटत नाही, याचे एक कारण यातच आहे.

कादंबरीतला एक धागा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तरुणपणी आलानला मनोरुग्णालयात ठेवले जाते आणि वंशशास्त्राच्या नावाने त्याची नसबंदी केली जाते. ती करवणारा डॉक्टर उप्सालातील खऱ्या शास्त्रज्ञावर, हेर्मान लुंडबोर्ग यांच्यावर बेतला आहे. वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था १९२२ साली तिथे सुरू झाली आणि लुंडबोर्ग तिचे पहिले प्रमुख होते. १९३४ सालचा नसबंदीचा कायदा १९४१ साली अधिक व्यापक झाला आणि १९७५ पर्यंत चालला. त्या काळात सुमारे ६३,००० जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि पुष्कळांची संमती नावापुरतीच होती. १९९९ साली सरकारने जबरदस्तीला बळी पडलेल्यांना प्रत्येकी १,७५,००० क्रोनर भरपाई देऊ केली. म्हाताऱ्यांना छप्पर देणारे राज्य आणि ही शस्त्रक्रिया करवणारे राज्य एकच होते. योनासन यांनी हे दोन-चार पानांत, आवाज न चढवता सांगितले आहे, आणि कादंबरीतला सर्वांत धीट भाग तोच आहे.

योनासन यांचा जन्म १९६१ साली स्मोलांडमधल्या वेक्शो शहरात झाला. ते पत्रकार होते. पुढे त्यांनी स्वतःची माध्यम कंपनी चालवली, ती विकली आणि स्वित्झर्लंडमध्ये राहून ही पहिली कादंबरी पूर्ण केली. तिचे तीसहून अधिक भाषांत अनुवाद झाले. फेलिक्स हेर्नग्रेन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१३ साली आला. शंभर वर्षांच्या आलानची भूमिका पन्नाशीही न गाठलेले विनोदी नट रॉबर्ट गुस्ताफसन यांनी केली आणि त्यांच्या रंगभूषेला ऑस्करचे नामांकन मिळाले. जुन्या ट्रामगाड्यांच्या संग्रहालयासाठी ओळखले जाणारे माल्मशोपिंग त्यानंतर परदेशी वाचकांच्याही परिचयाचे झाले. २०१८ सालच्या पुढच्या भागात १०१ वर्षांचा आलान गरम हवेच्या फुग्यातून भरकटत उत्तर कोरियाच्या जहाजावर पोचतो.

या कादंबरीच्या यशानंतर स्वीडनमध्ये म्हाताऱ्या नायकांची रांग लागली. त्यामागे त्या वर्षांची परिस्थितीही होती. नव्वदच्या दशकापासून नगरपालिका आश्रम खाजगी कंपन्यांना चालवायला देत होत्या, आणि २००९ च्या कायद्याने सेवा देणारी कंपनी निवडण्याची मुभा नागरिकांना मिळाली. २०११ साली काही खाजगी आश्रमांमधल्या हेळसांडीच्या बातम्यांनी देश हादरला. पुढच्याच वर्षी काथारिना इंगेलमान-सुंदबेर्ग यांची कादंबरी आली. त्या पूर्वी समुद्राखालच्या अवशेषांचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ होत्या. त्यांच्या कादंबरीत गायनवृंदातले पाच म्हातारे मित्र आश्रमाच्या नव्या मालकांच्या काटकसरीला कंटाळतात. तुरुंगात जेवण बरे मिळते आणि रोज बाहेर फिरवतात असे त्यांना कळते, म्हणून ते आत जाण्यासाठी गुन्हा करायचे ठरवतात आणि राष्ट्रीय कलासंग्रहालयातली चित्रे पळवतात. लू-योहानसन यांनी विचारलेला प्रश्न या चोरीकथेत जसाच्या तसा आहे, फक्त तो आता म्हातारे स्वतः विचारतात.

त्याच वर्षी फ्रेड्रिक बाकमान यांची 'ओव्ह नावाचा माणूस' प्रसिद्ध झाली. ओव्ह ५९ वर्षांचा आहे, पण वागण्यात ऐंशीचा. बायको वारलेली आणि नोकरी गेलेली असल्याने तो जीव द्यायला निघालेला असतो, आणि इराणहून आलेली गरोदर शेजारीण दर वेळी नकळत आडवी येते. तिथेही आश्रमाचा विषय मध्यभागी येतो. ओव्हचा जुना मित्र रूने याची स्मृती गेली आहे आणि त्याची बायको आनीता त्याला घरीच सांभाळते. ती आता थकली आहे असे ठरवून पांढऱ्या शर्टातला सरकारी माणूस रूनेला आश्रमात न्यायला निघतो. आनीताला ते नको असते. वर्षानुवर्षे रूनेशी अबोला धरलेला ओव्ह सगळी गल्ली गोळा करतो, कागदपत्रे हुडकली जातात, एका पत्रकाराची मदत मिळते आणि तो अधिकारी परत जातो. रूने आपल्या घरातच राहतो.